उलटा वारा, किटली वगैरे

लेकीनं फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलंय.
सामुद्रधुनीच्या कडेकडेनं उत्तरेला निघाले की ते म्हणतं,
ओतिलिया, आज तुमचा वेग कमी आहे.
परतताना वारा पाठीला तळहात लावून ढकलत असतो,
मी नुसते पाय टेकवत येते,
तेव्हा म्हणतं, वाहवा! नवा विक्रम!
पुन्ता अरेनासमध्ये एक दिवसही न राहिलेल्या
कुणीतरी बनवलं असणार.

इथे जोराचा वारा सुटला की चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
इथे सरळ वाढलेलं झाड दिसलं
तर समजावं, कुणीतरी भिंतीआड लपवून वाढवलंय.

मी सत्तेचाळीस वर्षांची.
त्यातली एकोणीस खेकड्यांच्या कारखान्यात उभी,
मनगटापर्यंत गार पाण्यात.
डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, पळा.
जणू साखर मागे लागलीय
आणि मी तिला गल्लीबोळांतून हुलकावणी देणार.

पहिल्या आठवड्यात उत्साह होता.
उत्साह म्हणजे पाहुणा,
येताना केक आणतो,
भांडी घासायला थांबत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मी आणि ओले मोजे.
कामावरून आले की
'आज राहू दे' हे वाक्य
माझ्या आधी घरात शिरून बसलेलं असतं.
शेगडी पेटवून ठेवतं. खुर्ची पुढे करतं.
पायांकडे बघून म्हणतं, किती सुजलेत गं.
इतक्या मायेनं माझ्याशी
नवरासुद्धा बोलला नव्हता, होता तोवर.

फ्रिजवर कागद आहे, त्यावर लिहिलंय दहा.
जूनमध्ये शर्यत आहे, दहा किलोमीटरची.
कागदाचं एक टोक सुटलंय, फडफडतं.
घरातही वारा येतोच.

मे महिन्यात नऊ दिवस गेले नाही.
कुणी गेलं असतं, हाड मोडलं असतं,
तर सांगायला तरी काही असतं.
एक दिवस चुकला, बस.
मग त्याला सोबत म्हणून दुसरा,
मग दोघांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू नये म्हणून तिसरा.

दहाव्या दिवशी दुकानात म्हातारे आनानियास भेटले.
निळ्या पत्र्याचं घर त्यांचं,
त्याच्या थोडं पुढे गंजलेलं जहाज, तिथून मी मागे फिरते.
खिडकीत बसून माते पितात, हात कधी हलवत नाहीत.
म्हणाले, बाई, तुम्ही जाताना मी किटली ठेवतो,
येताना दिसलात की उतरवतो.
नऊ दिवस अंदाजानं चाललंय.
पाणी उकळून जातं. माते कडू होतं.

एवढंच. रागावले नाहीत, बरं आहे ना विचारलं नाही.
यीस्टचं पाकीट घेतलं,
सुटे पैसे दोनदा मोजले आणि गेले.

त्या संध्याकाळी पळाले.
इच्छा झाली म्हणून नाही.
इच्छा अजून खुर्चीत बसली होती, पाय शेगडीकडे करून.
मी तिला म्हटलं, बस तू, येते मी.

तेव्हापासून घड्याळ बघत नाही.
इथे वेळेच्या आकड्यात अर्धा वाटा वाऱ्याचा,
तो माझ्या नावावर कशाला?
एवढं मात्र कळतं, की त्या जहाजापर्यंत
पूर्वी तीनदा थांबायचे, आता एकदा.
त्या एका ठिकाणी बाक आहे,
समोर पाणकावळे पंख वाळत घालून उभे असतात.
तो बाक मी सोडणार नाही.
आणि आता जहाजाशी मागे फिरत नाही,
पुढच्या बोटींच्या धक्क्यापर्यंत जाते.

साखर उतरलीय. थोडीच.
डॉक्टर 'थोडीच' म्हणाले, मी 'उतरलीय' ऐकलं.

काल शर्यतीचा नकाशा आला.
दहाच्या दहा किलोमीटर उत्तरेकडे, सगळा वारा तोंडावर.
परत आणायला बस आहे.
बरंच झालं,
उगाच कुणी वाहवा म्हणायला नको.

आनानियासना सांगून ठेवलंय,
त्या दिवशी मी जाताना दिसेन,
येताना नाही.
किटलीकडे तेवढं स्वतः बघा.