उपटणं बसतं

खिडकी क्रमांक तीन. मी आत, ओपल स्टिल्टनर बाहेर,
मध्ये काच, काचेला बशीएवढं भोक.
वेस्ट व्हर्जिनियाचा फेब्रुवारी
तिच्या बुटांवरून माझ्या फरशीवर वितळतोय.

घरात माणसं किती?
बोटांवर मोजते. चार. मग थांबते,
डेलमर तुरुंगात आहे, तो धरायचा का?
नाही धरायचा.
ते बोट ती दुमडत नाही.

नाताळात दुकानात जादा तास केले,
धाकट्याला सायकल घेतली, जुनीच, पण लाल.
त्या तासांनी तिला रेषेपलीकडे नेऊन ठेवलं:
एकोणीस डॉलर.
मी बेरीज दोनदा केली, मग तिसऱ्यांदा.
आकडा काही लाजला नाही.

मुलं योजनेत बसतात, म्हणाले.
तुम्ही या महिन्याअखेरपर्यंत.

तिचा उजवा गाल सुजलाय.
मग दाढेचं या महिन्यातच बघते, म्हणते. भरून देतील ना?
मी जाडजूड वही चाळते. पाठ आहे, तरी चाळते;
नियम तोंडपाठ सांगितला की
माझाच वाटतो लोकांना.
मोठ्या माणसांचं उपटणं बसतं.
भरणं बसत नाही.

ती हसते, तळहात तोंडावर धरून,
किती उरलेत ते दिसू नये म्हणून.
"बरं. उपटूनच टाकते मग, अठ्ठावीसच्या आत."

यंदा फेब्रुवारी एकोणतीसचा आहे, मी म्हणाले.

एक दिवस.
तोही काही मी दिलेला नव्हता.
तरी भोकापाशी वाकून
तिनं थँक्यू म्हटलं.