एकाची शेंडी

अँटिगोनिशच्या कोर्टाला पायरीच नाही.
चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार आहे,
त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ, बुटांखाली करकरणारं.
तेव्हा शहाण्यानं चढू नये म्हणतात, ते इथे लागू नाही.
या, आत या.
मी खिडकीतली कारकून. सल्ला देत नाही, फॉर्म देते.

तक्रार तीन प्रतींत आणा:
एक कोर्टाला, एक समोरच्याला,
एक स्वतःला, रात्री झोप लागली नाही की वाचायला.
वकील लागत नाही. आणलात तर त्याची फी तुमच्याच खिशातून.
पावत्या आणा, फोटो आणा.
"अख्ख्या गावाला माहीत आहे" हे आणू नका,
गाव साक्षीला येत नाही.
मनस्तापाचे फार तर शंभर डॉलर मिळतात,
जास्त झाला असेल तर उरलेला घरी ठेवा.

सुनावणी संध्याकाळी. निवाडा करणारा
दिवसभर स्वतःच वकिली करून आलेला असतो,
त्याच्या डब्यातल्या सूपचा वास फायलींना लागतो.
झगा नाही. हातोडा नाही.
आधी तो दोघांना म्हणतो, बाहेर जाऊन बोलून बघा.
बहुतेक जण कॉफीच्या मशीनपाशी जाऊन
मशीनकडे बघत उभे राहतात.

टिनेके हुकस्त्रा तशीच उभी होती, गेल्या फेब्रुवारीत.
शेजारी अल्बन पेटिपा, दगड घडवणारा,
नखांत पांढरी भुकटी.
तिचा नवरा गेला एक तारखेला.
दगडावर कोरलंय सात.
बावीसशे डॉलरचा गुलाबी ग्रॅनाइट. खोडरबर चालत नाही त्यावर.

आत गेल्यावर अल्बननं घडी घातलेला कागद काढला.
तिचंच अक्षर. तिचाच आकडा.
"हा सात आहे," तो म्हणाला.
"हा एक आहे," ती म्हणाली. "आमच्या फ्रीसलंडच्या शाळेत
एकाला लांब शेंडी असते,
आणि साताच्या कमरेला पट्टा. पट्टा कुठे आहे इथे?"
"आमच्या शाळेत," अल्बन म्हणाला,
"सात पट्टा बांधत नाही."

निवाडेकारानं कागद दिव्याखाली धरला, तिरका केला,
मग कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.
एक काढा, म्हणाला.
तिनं काढला.
मी टिपणं घेत होते; माझंही पेन थांबलं.
पोरापासून म्हातारीपर्यंत साठ वर्षं
या बाईनं या देशात चेक लिहिले, दुधाचे हिशेब लिहिले,
आणि कुणी एकदाही विचारलं नाही, बाई, हे काय आहे?

निकाल पोस्टानं येतो. तिला अर्धे पैसे मिळाले:
अर्धी चूक लिहिणारीची, अर्धी न विचारणाऱ्याची.
आणि हे नीट ऐका, कारण इथे सगळे फसतात:
निकाल म्हणजे पैसे नव्हेत.
निकाल म्हणजे कागद. वसुली तुमची तुम्ही करायची.
त्याचाही फॉर्म आहे, निळा.

तिला तो लागला नाही. अल्बननं पाकीट स्वतः आणून दिलं,
आणि म्हणाला, दगड परत घासून देतो,
थोडा खोल जाईल तेवढंच.

मार्च संपताना ती पुन्हा खिडकीशी आली.
पाकीट पर्समध्ये, न फोडलेलं.
विचारलं, हे पैसे दगडावर खर्च केले नाहीत
तर कोर्ट रागावेल का?
मी म्हटलं, कोर्ट तिकडे बघायला येत नाही.
"नाही, म्हणजे," ती म्हणाली,
"त्यावर तो सहा दिवस जास्त जगलाय.
शेवटच्या सहा दिवसांत काय काय झालं असतं
याचा मी विचार करतेय. मंगळवारपर्यंत आलेय."

मी सल्ला देत नाही.
पेन तिच्याकडे केलं, सही राहिली होती पोचपावतीवर.
तिनं सही केली, तारीख घातली.
एक की सात, मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं, खरं तर.