तेरावी थाप

खड्डा छातीएवढा झाला तेव्हा मी फावडं टेकवलं.
समोर अख्खा हिवाळा उभा कापलेला:
परवाच्या वादळाचा भुसभुशीत थर,
त्याखाली जानेवारीतल्या एका फसव्या उन्हाचा पापुद्रा,
नखाखाली टणक,
आणि अगदी तळाशी नोव्हेंबर.

नोव्हेंबर काही मुरला नाही.
पहिला बर्फ पातळ पडला, मग तीन आठवडे
आभाळ कोरडं, रात्री उणे पंचवीस.
जमिनीची ऊब वर झिरपत राहिली,
तिने त्याचे दाणे केले. मूठ आवळली
तर जाड साखर. गोळा होत नाही, बोटांतून गळते.
या साखरेवर दीड मीटर उभा आहे.

माझे वडील, असानकुल, कोळशाच्या खाणीत होते.
पाळी सुरू होण्याआधी छताला काठीने ठोकायचे.
म्हणायचे, तुरसुनाय,
खणखणीत बोललं तर आत जा.
पोकळ बोललं तर पगार आठवू नकोस.

मी खांब कापला, वर फावडं आडवं धरलं.
मनगटातून दहा थापा. काही नाही.
कोपरातून अकरा, बारा,
तेराव्याला खांब अलगद बाहेर आला,
टेबलाचा खण ओढावा तसा,
आणि माझ्या मांडीवर बसला.

मागे चौघं उभे. अल्माटीहून आलेले, पैसे साठवून.
वर उतार निळसर, एकही रेघ न उमटलेला.
येर्झान म्हणाला, काल पलीकडून कोणीतरी उतरलं की.
उतरलं असेल.
तेवढ्यात पायाखाली धप्प झालं,
सगळं पठार बोटभर खाली बसलं,
आणि मग कोणी काही बोललं नाही.
झाडीतून, लांबच्या वाटेने परत आलो.

तो उतार पडला नाही.
त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही,
वसंतात गुपचूप वितळून गेला.
येर्झानने निघताना हात मिळवला,
नजर नाही.

घरी वडिलांना विचारलं:
तुम्ही बाहेर थांबलात आणि छत पडलंच नाही,
असं किती वेळा झालं?
ते हसले, खोकले, पुन्हा हसले.
बहुतेक वेळा, म्हणाले,
आणि कटोरा पुढे केला, अजून चहा हवा म्हणून.

वहीत लिहिलं:
उत्तरेचा उतार. तेरा. तळाचा थर.
शेऱ्याची जागा कोरी ठेवली.