सोंग

वडशात लाइट आली पावणेदहाला.
ईश्वरदासनं पान उघडलं:
मंडईच्या नाटकाचं पत्रक.
पानाला हवा महागडा लेझर,
टेबलावर नऊ सुयांचा जुना खटारा.
काल त्यानं 'दुर्गा'ऐवजी
चार कागद नुसते कंस छापले.

आज मधे एक फुकटचा प्रोग्राम बसवलाय.
तो पानाला म्हणतो, मीच लेझर.
पान भोळं.
मग एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यानं
सुयांच्या कानात सांगतो.

अकरा मिनिटं एका पानाला.
मुखरू बाकावर. रात्री राजा, दिवसा पंक्चरवाला.
"सोंग घेतलं म्हना मशीननं!"
"हाव."

त्यानं कागद उजेडात धरला,
'दुर्गा'वरचा रफार नखानं चाचपला.
जागेवर.
मग प्रिंटरच्या डोक्याला बोट लावलं, चटकन काढलं:
"मुकुटाखाली असंच तापते, बाप्पा."