कपाटाच्या दाराआड

कौनासच्या या चौथ्या मजल्यावर
सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून
तुझं पेन्सिलीतलं अक्षर आहे:
एकोणनव्वद, नवा वॉशर.
सत्त्याण्णव, वॉशर आणि तोटीही.
दोन हजार आठ, पुन्हा तेच. विता घरी नव्हती.
विता म्हणजे मी. मी घरी नव्हते
आणि तू तेही गळतीसारखं नोंदवून ठेवलंस.

गुरुवारी दातांत टॉर्च धरून तू आत शिरलास.
पाय बाहेर, एक मोजा उलटा,
आणि डब्यातून यावा तसा आवाज:
पाना दे. हा नव्हे. तो.
एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवलीस,
दांडा सुटला की भर बर्फात उतरून
दोरीने ओढून पुन्हा तारेला लावायचास.
अर्ध्या इंचाच्या नळाची काय मिजास!

दुकानाच्या तीन खेपा झाल्या.
वॉशर. मग धागा आणि सफेदा.
तिसऱ्यांदा हात हलवत आलास,
म्हणालास, नुसतं बघायला गेलो होतो.

थेंब थांबला.
माझ्या चांगल्या फडक्याला तू हात पुसलेस.
तरी रात्री नळाखाली वर्तमानपत्र पसरून झोपले मी.
सकाळी कागद कोरडा होता.
भिंत ओली.

भांडलो नाही. चाळीस वर्षांनंतर भांडण म्हणजे
किटली कोण आधी चढवतो, एवढंच.
तू म्हणालास, दोन-तीन टाइल काढतो, आत बघतो.
मी मनात मोजत होते:
तोटी आपली. तोटीमागचा वाकडा तुकडा आपला.
पण भिंतीतला तो उभा नळ पाच मजल्यांचा.
वर ओनाचं बाळ त्यातच न्हातं,
खाली गेनोवैतेचे बटाटे त्यातच शिजतात.
तो बंद करायचा तर तळघराची किल्ली हवी,
आणि किल्ली कुणाकडे असते
हे तुला ठाऊक नव्हतं, मलाही.

तेवढ्यात गेनोवैतेच दारात.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिने हळूच विचारलं, तुमच्याकडे सगळं ठीक ना?
तिच्या केसांत तिच्याच छताचा चुना होता.
कुठेतरी पाणी मुरतंय, हे आता
बोलण्यापुरतं राहिलं नव्हतं.

तुझ्या हातात छिन्नी. हात कापत होता.
गेल्या हिवाळ्यापासून कापतो
आणि आपण दोघंही ते थंडीवर ढकलतो.
मे महिना होता, झेनोनस.

फोन मी केला नाही.
तू केलास. हे लिहून ठेवायला हवं.

ताउत्विदास आला. सव्विशीचा असेल,
बुटांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या.
घोड्याच्या पोटाला लावावा तसा
त्याने भिंतीला तळहात लावला, थांबला,
थोडा खाली सरकवला.
एकच टाइल काढली. आत गंज,
आणि तिळाएवढं भोक.
दोन तास, नव्वद युरो,
आणि किल्ली त्याला बरोबर सापडली.

टॉर्च तू धरलास.
उजेड भिंतीवर भिरभिरत होता.
तो काही बोलला नाही,
उजेड जाईल तिकडे डोकं नेत काम करत राहिला.

निघताना तोटीचा सांधा बघून म्हणाला,
हा धागा कुणी गुंडाळला?
मी, तू म्हणालास.
आता असं कुणी गुंडाळत नाही, तो म्हणाला.
ही स्तुती की काय, हे तुझं अजून ठरत नाही.
जेवताना मध्येच घास थांबवून विचारतोस.

दाराआड यादीत खाली नवी ओळ आली.
त्यात काम नाही, वर्ष नाही,
फक्त एक फोन नंबर, दोनदा गिरवलेला.

आणि त्याखाली, ऑक्टोबरमधलं:
संडासच्या टाकीचा फुगा अडकला होता.
कोपरापर्यंत भिजून बाहेर आलास,
मुलगा बोलवावा लागला नाही, म्हणालास,
मी भाकरी कापत होते,
ऐकलं नसेल असं वाटून
पुन्हा म्हणालास.