अर्धा पुठ्ठा

गोंडाणेबाईंनी खोका परत आणला.
"निळ्या सांगितल्या होत्या वं, चाळीस.
ह्या काय राखेच्या केल्या?"
मी एक मेणबत्ती उचलून उजेडाकडे धरली
आणि लगेच खाली घेतली.
उजेडानंच तर खाल्ली होती.

इंदोऱ्यात माझी खिडकी पश्चिमेची.
एप्रिलात चार वाजताचं ऊन
पलंगाखालीही शिरतं.
त्या खिडकीत ओळीनं मांडल्या होत्या मी,
दिसतात छान म्हणून.
बुद्धपौर्णिमेला अजून तीन आठवडे होते.

व्हॅनिलाची पांढरी तर सावलीतच पिवळी पडली,
जुन्या बनियनसारखी.
तिथं उन्हाला बोल लावता येत नाही,
त्या वासाच्याच पोटात रंग असतो.
इतवारीतला अत्तरवाला हे सांगत नाही.
बाटली देतो, सुटे पैसे देतो.

बाबा मिलच्या रंगखात्यात होते.
आठवडाभर कुठला रंग चालू आहे
ते त्यांच्या कोपरावर वाचता यायचं.
घरी कापडाच्या चिंध्या आणायचे,
अर्ध्या चिंधीवर काळा पुठ्ठा टाचायचे,
अर्धी उघडी,
आणि छपरावरच्या तारेला टांगायचे.
काहून अर्धीच, बाबा?
"रंगाले इचारून पाहतो," म्हणायचे,
"किती दिवस थांबतं बाप्पा."
पंधरवड्यानं पुठ्ठा काढला की
मधोमध एक रेघ.
रेघ दिसली नाही तर त्या रात्री
घरी पाटवडी.

मिल बंद झाली तेव्हा एक चिंधी तारेवर होती.
कोणी काढली, आठवत नाही.

आता नव्या रंगाची मी आधी एकच ओतते,
कमरेला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळते
आणि खिडकीला देऊन टाकते.
जांभळा सहा दिवस.
गुलाबी त्याहून कमी.
लाल टिकला, पण तो रंगखडूचा होता,
वात चोंदली, जळेचना.
लोखंडी कढईत मेण मळकट होतं
हेही उशिराच कळलं.
ऊन अडवणारी पांढरी पूड मिळते,
किलोला चिमूटभर, महाग.
खेमाची चिमूट मोठी आहे,
मी तिच्या बोटांकडे बघत राहते.
बाकी सगळं जुनंच:
खाकी कागद, पत्र्याची पेटी,
पेटी भिंतीच्या आतल्या अंगाला.
जळायच्या दिवसापर्यंत अंधार.

गोंडाणेबाईंच्या चाळीस पुन्हा ओतल्या.
फिक्या खोक्यातल्या एकीला
किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली.
नखानं काढली.
खाली चौकोनभर निळं,
ओतलं त्या दिवशीचं.

"हे कायले ठेवली?" खेमा म्हणाली,
"हे कोन घेईन?"
राहू दे, म्हटलं.
चिठ्ठी पुन्हा लावली,
थोडी बाजूला सरकवून.