हवं आणि नको

सुमगाईतच्या नळ्यांच्या कारखान्यात
दर गुरुवारी, पाळी सुटल्यावर,
लुत्फअली मुअल्लिम फळ्यावर दोनच शब्द लिहीत:
हवं. नको.
खडू मोडायचा.
खझरी वारा खिडकीची सैल काच वाजवत राहायचा,
आणि समुद्रावरून आलेला तेलाचा वास
आमच्या वह्यांवर बसायचा.

"रडगाणं नको. नेमकं सांगा.
नळी जाड हवी, कारण आत दाब आहे.
नळी जाड नको, कारण वाहून कोण नेणार?
आणि मग तुम्ही काय करता? मधली जाडी धरता.
मधली जाडी म्हणजे
दोघांनाही फसवणं."

आम्ही सोळा जण. मी एकटी बाई,
पंपघरातली, नखांत ग्रीस.
मी म्हटलं, हे तर इकडे आड, तिकडे विहीर.
ते हसले. सोन्याचा दात दिसला.
"म्हणजे दोन्हीकडे पाणी आहे,
एवढं तरी लिहून ठेव, सेवील."

बाकूच्या कचेरीत अकरा वर्षं
त्यांनी लोकांचे शोध वाचले होते,
मंजूर झालेले, नामंजूर झालेले,
एक तर गाढवाला आपोआप पाणी पाजणारा.
वाचता वाचता कळलं म्हणे,
अडचणी हजार, पण सुटायच्या वाटा थोड्याच;
बुटांच्या सात खोक्यांत मावतील एवढ्या.
खोक्यांत कार्डं, कार्डांवर त्यांचं मुंगीएवढं अक्षर:
जागा वेगळी कर.
वेळ वेगळी कर.
जे छळतंय त्यालाच कामाला लाव.

"सुचेल म्हणून बसून राहणारा माणूस
म्हणजे जाळं घरी ठेवून आलेला कोळी," ते म्हणत,
आणि चहाचा पेला उजेडात धरत,
आमचा नेहमीचाच, नासपतीच्या आकाराचा, कमरेत बारीक.
"वरचा चहा ओठांपुरता निवतो,
खालचा गरमच राहतो.
गरम हवा, गरम नको.
बघा, कुणीतरी कधीच सोडवलंय,
आणि नाव लावलं नाही."

माझ्या पंपाची झडप मी अशीच सोडवली.
तीन रात्री घट्ट की सैल, घट्ट की सैल,
चौथ्या रात्री विचारलं: कधी घट्ट? कधी सैल?
सकाळी फोरमननं टोपी काढली.
मुअल्लिमांनी नुसतं एक कार्ड माझ्या नावानं
तिसऱ्या खोक्यात टाकलं.
त्या कार्डाइतकं मला नंतर काहीच मिळालं नाही,
पेन्शनसुद्धा नाही.

मग ते कारखान्यात यायचे थांबले.
फेब्रुवारीत मी घरी गेले, डाळिंबं घेऊन.
हुर्निसा खानिम ताटं मांडत होत्या. चार.
माणसं आम्ही तीन.

एल्मार समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर होता.
वादळाला सहा वर्षं झाली होती.
सापडला नव्हता.
त्यांना हे रोज सांगावं लागायचं,
आणि रोज त्या ते पहिल्यांदा ऐकायच्या.

मुअल्लिमांनी शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं.
सांगायला हवं. सांगायला नको.
खाली: जागा वेगळी कर.
स्वयंपाकघरात नको, किनाऱ्यावर. खोडलेलं.
वेळ वेगळी कर. सकाळी, जेवण झाल्यावर.
खोडलेलं, कागद फाटेपर्यंत.
जे छळतंय त्यालाच.
पुढे काही नाही.

"एल्मार आला नाही का अजून?"
त्यांनी विचारलं, आणि विचारलं मला.
हातात पेला होता.
मी म्हणाले, "समुद्रावर आहे, खानिम."
त्यांनी मान हलवली,
चौथं ताट झाकून ठेवलं,
भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे सरकवला.

खोटं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही,
मुअल्लिमांकडे पाहिलं,
फळ्याजवळ उभी असल्यासारखं.

"मधली जाडी," ते हळूच म्हणाले.

मग कार्ड उलटं केलं
आणि त्यावर
गरम पेला ठेवला.